सेकंडहँड पोलो टीएसआय : घ्यायची कशी आणि हात लावायचा कुठे

चाकणच्या कारखान्यातून २००९च्या अखेरीस बाहेर पडू लागलेली फोक्सवॅगन पोलो २०२२मध्ये बंद झाली. त्यामुळे आज टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल पोलो हवी असेल, तर ती जुनीच घ्यावी लागते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी ज्या विश्वासाने वळण कापते, तसा विश्वास देणारी हॅचबॅक याच पैशांत दुसरी सहज मिळत नाही. रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंटो १४५ पीएसची, म्हणजे हिच्यापेक्षा जोरकस. पण ती मुळातच कमी विकली गेली आणि फियाटही इथून गेली. पार्टसाठी वाट पाहायची तयारी असेल तरच तिच्या नादी लागा.

आधी इंजिन आणि गिअरबॉक्स ठरवा

२०१३मध्ये आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ एनएम. ती फक्त सात गिअरच्या डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्येच मिळायची. २०२०च्या बीएस-६ गाड्यांत १.० लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं. ताकद ११० पीएस झाली, टॉर्क तेवढाच राहिला. सोबत सहा गिअरची मॅन्युअल किंवा साधी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक.

माझं मत स्पष्ट आहे : पुढे थोडं ट्युनिंग, म्हणजे ताकद वाढवायचं काम करायचं असेल तर १.० मॅन्युअल घ्या. डीएसजी गिअर झटक्यात बदलते, पण तिचे दोन्ही क्लच कोरडे असतात आणि शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात, झिजतात. गिअर बदलणारं तिचं मेकाट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो. तरीही डीएसजीच आवडत असेल, तर गाडी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये फिरवून गिअरबॉक्स गरम होऊ द्या. मग हलक्या चढावर ब्रेक सोडून रांगत पुढे जा. गाडी थरथरली, किंवा रिव्हर्स टाकल्यावर गिअर लागायला क्षणभर उशीर झाला, तर ती गाडी सोडून द्या.

गाडी बघायला जाल तेव्हा

मालकाला आधीच सांगून ठेवा, की इंजिन थंड असताना बघायचं आहे. पोहोचल्यावर बॉनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना खडखड झाली किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पुराचं पाणी पाहिलेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग कुणीही पुसतो, पण रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे मातीची रेघ किंवा कुबट वास असेल, तर डिकीतलं स्टेपनी टायर उचलून खालचा पत्राही बघा. मग अपघातानंतर पत्रा बदलला आहे का ते कळायला दरवाज्याचं रबर थोडं सोडवून वेल्डिंगचे गोल ठिपके तपासा. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. नव्या टायरचे पैसे व्यवहारात धरा.

सोबत स्कॅनर असलेला मेकॅनिक न्याच. एकही फॉल्ट कोड नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. ‘रेडिनेस’च्या, म्हणजे गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या घेत असलेल्या चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी नुकतीच काढलेली असू शकते. गाडी काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन करू द्या, असं मालकाला सांगा. त्याच्या उत्तरावरून बरंच कळतं.

मॅन्युअलचा क्लच असा तपासा : मोकळ्या रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर. काटा वर पळाला आणि गाडी तेवढी पळाली नाही, तर क्लच सरकतो आहे.

आधीच रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर (मॅप) बदललेली गाडी मी घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नये. कुणी, कसा मॅप टाकला आणि त्यानंतर गाडी कशी हाणली, हे कागदावर कुठेच येत नाही.

कागदपत्रं

परिवहनच्या ॲपवर आरसी, विमा आणि थकलेली चलनं तपासा. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि ती नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्सही आला. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे हप्ता वाढतो.

आता ट्युनिंग

पहिला महिना ताकदीचं नावही काढू नका. ऑइल गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या दर्जाचंच घाला, प्लग आणि एअर फिल्टर बदला, इंजिन माउंट आणि शॉकअब्सॉर्बर बघून घ्या. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांत हवेतला ओलावा शोषतं आणि कमी तापमानाला उकळू लागतं. आंबोली उतरताना पेडल मऊ पडतं ते बहुतेकदा यामुळेच. ताजं डॉट ४ फ्लुइड आणि पुढे चांगले ब्रेक पॅड, या दोन गोष्टींनी गाडीवरचा विश्वास किती वाढतो ते चालवूनच कळतं.

मग टायर. १५ इंची रिमवर मूळ १८५/६०चा व्यास सुमारे ६०३ मिमी, १९५/६०चा ६१५. फरक दोन टक्क्यांचा, तेवढा चालतो. त्याहून रुंद टायरच्या मोहात स्टिअरिंग जड होतं आणि मायलेज जातं.

हे सगळं झाल्यावर स्टेज १ रिमॅप, म्हणजे पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअर बदलणं. नावाजलेल्या ट्यूनरकडे जा. मूळ फाइल जपून ठेवणार का आणि मॅप किती ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिला आहे, हे आधी विचारा. ९५ ऑक्टेनचा मॅप टाकला तर कायम तेच पेट्रोल भरावं लागेल, नाहीतर नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटतं, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्क मागे घेऊन ताकद कमी करतं. टॉर्क वाढला की मॅन्युअलमध्ये आधी क्लच बोलतो. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साचते. गाडी बरीच चाललेली असेल तर आधी ते साफ करून घ्या. अक्रोडाच्या कवचाचा चुरा दाबाने मारून ही काजळी काढतात.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावू नका. त्याला दंड आहे आणि शेजारच्यांच्या झोपेचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, त्यामुळे इंजिन बदलण्यासारखे उद्योग नकोच. रिमॅप केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला कारण ठरू शकतो. मॅप टाकल्यावर हजारेक किलोमीटरनी पुन्हा स्कॅनर लावा आणि मिसफायर व नॉकिंगच्या नोंदी ट्यूनरला दाखवा.