सांबऱ्याच्या वाटेवरची तयारी: ‘हात वर करा’ कुठल्या भाषेत म्हणायचं?

सांबऱ्याच्या बेळगाव विमानतळाच्या आपत्कालीन सरावात खोटे जखमी म्हणून झोपायला माणसं लागतात. युवक मंडळाच्या पोरापोरींनो, तुम्हाला कधी बोलावणं आलं तर जरूर जा. मी 31 वर्षं नर्स होते, आता मुतग्यात घरी असते. अशा सरावांत जखमींना टॅग, म्हणजे कुणाला आधी न्यायचं ते दाखवणारी रंगीत पट्टी, बांधायचं काम मी केलंय, म्हणून सांगते.

आधी सराव कशाचा असतो ते बघा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 2 वर्षांत एकदा, टप्प्याटप्प्याने सराव घेत असतील तर 3 वर्षांत एकदा, पूर्ण सराव व्हावाच लागतो. मधल्या काळात छोटे सराव होतात, काही तर टेबलावर नकाशा पसरूनच. अग्निशमनाच्या गाडीने धावपट्टीवर कुठेही 3 मिनिटांच्या आत पोचायचं असतं, जमलं तर 2 मिनिटांत. ते काम विमानतळाची माणसं करतात. पण जादा अँब्युलन्स बेळगावातून यायच्या, जवळजवळ 10 किलोमीटर, आपल्याच सांबरा रोडने. त्या वेळी रस्त्याकडेला गाड्या लावून बघत उभी राहणारी माणसं आपल्याच गावची असतात. कन्नडमध्ये ‘दारी बिडरी’ आणि मराठीत ‘वाट सोडा’ दोन्ही ओरडायला चार-चार पोरं नाक्यावर ठेवा. आदल्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून सांगून टाका, म्हणजे सायरन ऐकून म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा येणार नाही.

आता जखमी व्हायचं कसं. तुमच्या हातात एक चिठ्ठी देतात: श्वास मिनिटाला किती, नाडी लागते का, चालता येतं का. चिठ्ठीत आहे तेवढंच करा. बेशुद्ध लिहिलं असेल तर कुणी कितीही हाका मारल्या तरी डोळे उघडायचे नाहीत, खिशातला मोबाइल वाजला तरी नाही. खरंच चक्कर आली, ऊन लागलं तर काय बोलायचं तो शब्द आधी ठरवून घ्या, कारण ‘दुखतंय, दुखतंय’ तर सगळेच ओरडत असतात.

टॅगचे रंग चार. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा चालू शकतो, काळा म्हणजे गेलेला किंवा वाचण्यापलीकडचा. सगळ्यात मोठ्याने ओरडणारा बहुतेक वेळा हिरवा निघतो, गप्प पडलेल्याकडे आधी जायला हवं.

माझा जीव अडकलाय तो पुढच्या गोष्टीत. ‘स्टार्ट’ नावाच्या पद्धतीत चालू न शकणाऱ्या मोठ्या माणसाच्या तीन गोष्टी बघतात. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त आहे का, मनगटाची नाडी लागते का, आणि सांगितलेलं साधं काम तो करतो का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर लाल टॅग. एका सरावात टॅग बांधणारा मुलगा कन्नड बोलणारा होता. ‘कै एत्त्री’, म्हणजे हात वर करा, म्हणाला. पुढे झोपलेली मावशी चंदगडकडून लेकीकडे आलेली, तिला एक अक्षर कळलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि लाल टॅग लागला. तिच्या चिठ्ठीत पायाचं हाड मोडलेलं, एवढंच. उद्या खऱ्या अपघातात ती लाल झाली, तर खऱ्या लाल माणसाची अँब्युलन्स तिला जाते. उलटंही होतं: आपला पोरगा मराठीत ‘हात वर करा’ म्हणतो आणि समोर बागलकोटचा माणूस असतो.

उपाय साधा आहे. तोंडाने सांगताना आपला हात वर करून दाखवा. हात वर करा, कै एत्त्री, हाथ ऊपर, तिन्ही एका श्वासात. घरी अंगणात रोज दहा वेळा म्हणा. मी माझ्या नातवाकडून म्हणून घेते.

विमान विमानतळाच्या भिंतीबाहेर पडलं तर? पूर्वेकडे काळी जमीन, पावसाळ्यात चाक रुततं. कुठल्या शेताला खडीची वाट आहे, ट्रॅक्टर कुणाचा निघेल, हे गावालाच माहीत असतं, ते आधी लिहून तलाठ्याकडे, पोलिसांकडे द्या. 112 ला फोन करताना शेताच्या मालकाचं नाव सांगून उपयोग नाही, मोबाइलवरचं लोकेशन सांगा. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, धुरात शिरू नका, तुकडे उचलू नका. 2020 साली कोळिकोडला भर पावसात गावकऱ्यांनी स्वतःच्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यांत नेलं, ते धाडस मोठंच. आपल्यावर तशी वेळ आली तर प्रत्येक गाडीचा नंबर, किती माणसं आणि कुठला दवाखाना, एवढं एकाने वहीत लिहायचं. नाहीतर घरचे लोक रात्रभर दवाखान्यांच्या पायऱ्या चढत-उतरत राहतात.

आणि मनगटावर घड्याळ बांधून झोपा. टॅग कितीला लागला, उचललं कितीला, गाडीत घातलं कितीला, सगळं लक्षात ठेवा. सराव संपला की साहेब लोक बैठक घेतात, तिथे जखमींना कुणी विचारत नाही. हात वर करा आणि त्या मावशीला कुठला टॅग लागला ते सांगा.