सोमाली हॉटेलात जेवायला जाताय? या चुका टाळा

मिनियापोलिसला नव्याने आलेली मराठी मंडळी महिन्याभरात एक प्रश्न विचारतातच: हाताने, पोटभर, गरम भात जेवता येईल असं ठिकाण कुठे? मी सीडर-रिव्हरसाइडला पाठवते, नाहीतर लेक स्ट्रीटजवळच्या कारमेल मॉलमध्ये. १९९१ मध्ये सियाद बारेचं सरकार कोसळलं, सोमालियात यादवी माजली, आणि पुढच्या वर्षांत अमेरिकेतली सगळ्यात मोठी सोमाली वस्ती इथे मिनेसोटात झाली. जेवण उत्तम, दर माफक, आणि माणसं अशी की ताट रिकामं दिसलं तर त्यांनाच चैन पडत नाही. तरी आपली मंडळी जाऊन येतात आणि म्हणतात, ‘ठीक होतं.’ चार प्रश्न विचारले की कळतं, जेवलेच नाहीत नीट.

केळं पिशवीत टाकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. बरीसच्या ताटाबरोबर एक अख्खं केळं येतं, सालासकट. बरीस म्हणजे मटणाच्या रश्श्यात शिजवलेला बासमती. त्यात हवाश नावाचा मसाला असतो: जिरं, धणे, मिरी, वेलची, दालचिनी, लवंग, हळद. वरून तळलेला कांदा आणि बेदाणे. केळं त्या भाताबरोबर खायचं असतं, नंतर नाही.

ऑफिसातल्या एका घोळक्याबरोबर गेले होते. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एकाने ताट आल्याआल्या केळं उचलून लॅपटॉपच्या बॅगेत टाकलं, ‘संध्याकाळी खाईन.’ वाढणाऱ्या काकांनी ताटात केळं नाही हे पाहिलं, त्यांना वाटलं द्यायचं राहिलं. दुसरं आणून ठेवलं. आमच्या या भावाने ते बाजूला सारलं. काकांना वाटलं, जास्त पिकलंय म्हणून नको असेल. ते आत गेले आणि चांगलं पिवळंधमक तिसरं केळं घेऊन आले. शेवटी त्यांनीच ते सोललं, बोटभर तुकडा मोडला, भात आणि मटणाच्या फोडीबरोबर दाबून कसा घास करायचा ते हवेतच करून दाखवलं. त्याने तसा घास घेतला आणि मग टेबलावरची दोन्ही केळी संपवली.

ज्या माणसाने लहानपणी पोळीबरोबर शिकरण ओरपलंय त्याने जेवणातल्या केळ्याला नाक मुरडावं, हे मला पटत नाही. मटणाची चरबी आणि मिरचीचा जाळ, दोन्हीला ते गोड केळं सावरून घेतं. प्रत्येक घासात नको असेल तर एकाआड एक घ्या, पण घ्या.

इटालियन राजवटीत शबेले आणि जुबा नद्यांच्या काठी केळीच्या मोठ्या बागा झाल्या, तिथली केळी इटलीला जायची. म्हणून अनेकांना वाटतं, केळं हे त्याच काळातलं खूळ. तसं नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये मोगादिशूत उतरला तेव्हा पाहुणा म्हणून त्याच्यापुढे काय वाढलं ते त्याने लिहून ठेवलंय: तुपातला भात, त्यावर कोंबडी, मटण, मासे आणि भाज्यांचं कालवण, दुधात शिजवलेली कच्ची केळी, लोणच्याचं लिंबू, ओलं आलं, आंबे. सातशे वर्षांची पंगत आहे ही. तिला ‘विचित्र कॉम्बिनेशन’ म्हणून मोकळं होऊ नका.

‘मीट नको, नुसता राइस द्या’

शाकाहारी मंडळींनो, हे दोनदा वाचा. भात रश्श्यातच शिजलेला असतो. ‘नो मीट’ म्हटलं की वाढणारा माणूस प्रामाणिकपणे वरच्या फोडी काढून भात देतो. त्याची चूक नाही, तुम्ही जे मागितलं तेच त्याने दिलं.

एका मित्राने आईला असंच जेवायला आणलं होतं. काकू माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. मी आधीच म्हटलं होतं की फोन करून विचार. ‘अगं, सांगतो ना तिथे गेल्यावर,’ म्हणाला. घाई, दुसरं काय! काकूंनी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्यात त्यांच्या बोटांना मटणाचा एक रेशा लागला. काही न बोलता उठल्या, बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ चुळा भरत राहिल्या. मुलगा वेटरवर चढायला लागला, त्याला मी थांबवलं.

गडबड ऐकून मालकीणबाई बाहेर आल्या. प्रकार कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी काकूंचा हात धरून त्यांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं, त्यांच्यासमोर तवा घासला, आणि अंजेरोचं आंबवलेलं पीठ मधोमध ओतून पळीच्या बुडाने गोल गोल पसरत नेलं. एकाच बाजूने भाजतात, वर जाळी पडते. त्यावर तिळाचं तेल आणि साखर, सोबत वेलचीचा चहा. काकूंनी तीन खाल्ले. पैसे घ्यायला बाई तयार नव्हत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण निघताना काकूंनी त्यांना वाकून नमस्कार केला.

सगळे इतके समजून घेतील असं धरून चालू नका, आणि समजून घेतलं तरी काकूंचे ते दोन घास परत येत नाहीत. म्हणून मी काय करते ते सांगते. आदल्या दिवशी फोन. ‘अंबुलो मिळेल का?’ हा पहिला प्रश्न. अंबुलो म्हणजे तांबड्या अझुकी कडधान्याचे दाणे, तासन्‌तास मऊ शिजवून वर तिळाचं तेल किंवा लोणी आणि साखर. रोज असेलच असं नाही. दुसरा प्रश्न सबायदचा, ही घडीची पोळी. चवळीचे तळलेले बजिये असतील तर तळण वेगळं आहे का ते विचारा, कारण त्याच कढईत खिम्याचे सांबुसेही तळले जातात. मलवह, म्हणजे पातळ धिरडं, गोड आणि सुरेख असतं, पण त्यात बहुधा अंडं असतं. सुरुवातीला आपण न मागताच आणून ठेवतात ते मरक हेही मटणाचंच सूप. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर चहाला जा, जेवायला जाऊ नका.

बीफ न खाणाऱ्यांनी

हिलिब म्हणजे मांस, कुठलंही. आरी बोकडाचं, लो गाईचं, गेल उंटाचं. दिगाग कोंबडी, कल्लून मासा. सांबुसे, सुक्कार (परतलेले मांसाचे बारीक तुकडे) आणि स्पॅगेटीवरचा सुगो बरेचदा बीफचे असतात. ऑर्डर देतानाच विचारा. अर्धं ताट संपल्यावर विचारून स्वतःलाही त्रास आणि वाढणाऱ्यालाही.

बसबास पळीने वाढून घेणं

हिरवी दिसते म्हणून आपल्याला ती सँडविचची चटणी वाटते. मिरची आहे ती, लिंबू पिळलेली. थेंबाथेंबाने घ्या.

माणशी एक ताट

नको. एका ताटात दोघं आरामात जेवतात. भात की पास्ता हे ठरत नसेल तर ‘फेडरेशन’ मागा, अर्धा भात आणि अर्धी स्पॅगेटी. पहिल्या खेपेला मी सगळ्यांना हेच मागवायला लावते.

चुकीची वेळ

बोकडाचं मटण सकाळी मोठ्या पातेल्यात शिजतं. बाराच्या सुमारास जा. रात्री नऊला जाऊन ‘गोट संपलं म्हणे’ अशी तक्रार माझ्याकडे आणू नका. शुक्रवारी दुपारी नमाज सुटल्यावर गर्दी उसळते. रमजानात दिवसा बहुतेक ठिकाणं बंद असतात. सूर्यास्ताला उघडतात तेव्हा आधी रोजा सोडणाऱ्यांना खजूर, सांबुसे आणि सूप मिळू द्या. अर्ध्या तासाने गेलात तर तुम्हालाही निवांत वाढतील. दारू कुठेही मिळत नाही, बरोबर नेऊही नका.

काटे-चमचे

भिंतीशी बेसिन आहे, हात धुवा, उजव्या हाताने जेवा. घरी हाताने जेवणारी आपली माणसं इथे काट्याने भात टोचत बसतात, ते बघवत नाही.

गप्पांची सुरुवात चाच्यांपासून करणं

समुद्री चाचे आणि यादवी हे विषय काढू नका. समोरच्याने त्यात कोण गमावलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. हिंदी सिनेमाचं नाव काढा. सोमालीत डब केलेले हिंदी चित्रपट बघत कित्येक घरं मोठी झालीत, वयस्क मंडळी तर गाणीही म्हणून दाखवतात. फोटो काढायचाच तर ताटाचा काढा. आजूबाजूच्या बायकांचा, कुटुंबांचा विचारल्याशिवाय नाही. आणि चहा, म्हणजे त्यांचा शाह, बहुतेक वेळा साखर घालूनच उकळलेला असतो. कमी गोड हवा असेल तर आधी सांगा. नसेल जमत तर बिनदुधाचा मागून पाहा.

उरलेला भात बांधून मागायला लाजू नका, तिथे सगळेच नेतात. बसबास वेगळ्या डबीत घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी अख्खा भात तिखटजाळ होतो. गरम करताना भातावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, आणि केळं मात्र ताजं आणा.