घोड्याची फिजिओथेरपी: लंगडण्याची वाट कशाला बघायची?

घोडा लंगडायला लागला की मग फिजिओथेरपिस्टचा नंबर शोधायचा, ही तबेल्यांतली जुनी खोड. लंगडणं फार उशिरा येतं. त्याआधी घोडा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकतो, एका बाजूला वळायला कुरकुरतो, नालबंदाला मागचा एक पाय धरू देत नाही. लोक म्हणतात, माजलाय. मी आधी पाठ चाचपते.

रपेटीआधी तळहात सपाट ठेवून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवा. हाडावर नाही, बाजूच्या मांसावर. मग बोटांनी दाबा, नख पांढरं पडेल एवढ्याच जोराने. कातडी थरथरली, पाठ खाली गेली, शेपटी फटकारली की तिथे थांबायचं आणि दुसऱ्या बाजूला तीच जागा दाबून बघायची. दोन बाजूंतला फरक महत्त्वाचा. आमच्या बिजली घोडीचं दुखणं बहुतेक वेळा उजवीकडे, मानेमागच्या उंचवट्याजवळ सापडतं. जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय टाकून चढलं की खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि काच बसतो उजवीकडे. चढायला ओटा वापरा, निम्मं काम तिथेच होतं.

आता गाजराचा व्यायाम, म्हणजे गाजर दाखवून घोड्याला आपणहून मान वाकवायला लावणं. माझ्या मते घरच्या घरी करण्यासारखा हा सर्वांत मोलाचा. घोड्याला गळ्याचं हाड, म्हणजे माणसात खांदा छातीशी जोडणारं हाड, नसतं; पुढच्या पायांमध्ये धड तोललेलं असतं ते फक्त स्नायूंवर. त्यात पाठीवर स्वार. म्हणून कण्याला चिकटलेले आतले बारीक स्नायू भक्कम हवेत. आठवड्यातून 5 दिवस हा व्यायाम दिलेल्या घोड्यांचे हे स्नायू 3 महिन्यांत जाड झाल्याचं मोजून पाहिलेलं आहे.

थंड अंगावर करू नका, आधी 10 मिनिटं चालवा. घसरणार नाही अशा सपाट जमिनीवर, भिंतीलगत उभा करा. लांब गाजर दाखवत हनुवटी आधी छातीशी आणा, मग गुडघ्यांमध्ये, मग खाली खुरांजवळ. त्यानंतर दोन्ही बाजूंना, आधी तंगापर्यंत, सरावल्यावर कुशीपर्यंत. दर वेळी साधारण 5 सेकंद, असं 3 ते 5 वेळा. मान हाताने ओढायची नाही. घोडा आपणहून येईल तेवढंच खरं. आणि लबाडीवर नजर ठेवा! बिजली मान वळवण्याऐवजी डोकं तिरकं करते आणि हळूच पाय सरकवते. अशा वेळी गाजर जवळ घ्या. कमी वळू दे, पण सरळ वळू दे.

बाकी सोपं आहे: चढावर सावकाश चालवणं, जमिनीवरच्या दांड्या ओलांडायला लावणं, चार पावलं मागे घेणं.

गरम सूज, ताप, ताजी जखम किंवा अचानक आलेलं लंगडेपण असेल तर मालिशही नको आणि गाजरही नको, आधी पशुवैद्य. फिजिओथेरपिस्टही त्यांच्या सल्ल्यानेच बोलवा आणि तो आला की सगळ्यात आधी त्याला खोगीर दाखवा. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जात असेल किंवा उंचवट्यावर टेकत असेल, तर कितीही मालिश करा, पाठ पुन्हा धरणारच.