पोस्टरवरचा फोन नंबर दिसत नाही? डोळे किलकिले करून बघा

रक्तदान शिबिराच्या पोस्टरवर मान्यवरांचे फोटो ठळक, नावनोंदणीचा नंबर मात्र तळाशी प्रायोजकांच्या पट्टीत हरवलेला.

१. पोस्टर मोबाइलच्या गॅलरीत छोट्या चौकोनात ठेवून डोळे किलकिले करून बघा. आधी ‘रक्तदान शिबिर’, मग तारीख-ठिकाण, मग नंबर दिसायला हवा.
२. क्रम चुकला तर नंबर वाढवण्याआधी बाकीचं लहान करा. फोटो आधी! (अध्यक्ष रुसतील, रुसू देत.)
३. नंबर तारखेच्या लगेच खाली, भोवती मोकळी जागा सोडून. ठळक रंग फक्त त्यालाच.

क्यूआर कोड छापील पोस्टरवरच. साधारण एक मीटरवरून स्कॅन व्हायचा तर १० सेंमीचा ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना नंबर मेसेजमध्येही टाइप करा.