विहिरीपासून अरबी समुद्रापर्यंत

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात विहिरीत उतरलं की छातीपर्यंतचं पाणी कोमट लागतं आणि पाय गारठतात. समुद्रातही तसंच आहे, फक्त खोली अफाट. अरबी समुद्रात एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी २९-३० अंश सेल्सिअस असतं. हजार मीटरवर तेच १० अंशांच्या खाली जातं आणि दोन हजार मीटरवर ३ अंशांच्या आसपास येतं. वरचा थर वाऱ्यानं ढवळून एकसारखा झालेला असतो. त्याच्याखाली तापमान झपाट्यानं उतरतं, त्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. त्याचे नकाशे काढणं हेच आता माझं काम.

बेळगाव, निपाणीकडची मुलं विचारतात, आपल्याकडं समुद्र नाही, मग हे कसं जमायचं? चोर्ला घाट उतरला की समुद्र आहेच, आणि बहुतेक काम संगणकावर चालतं. बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्या. पुढं गोवा विद्यापीठात किंवा कोचीनच्या कुसाट या विद्यापीठात सागरविज्ञानाचं एमएस्सी करता येतं. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली. इंग्रजी शब्द सहा महिन्यांत अंगवळणी पडले. गणित कच्चं असतं तर मात्र अवघड झालं असतं.

जहाजावर सीटीडी नावाचं यंत्र तारेनं खाली सोडतात. ते पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजत जातं. वाहकतेवरून क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, काढतात. दाबावरून खोली कळते, एक डेसिबार दाब म्हणजे साधारण एक मीटर खोली. यंत्र उतरतानाचीच नोंद वापरा. वर येताना यंत्र स्वतःच पाणी ढवळतं, त्यामुळं ते आकडे तितके चोख नसतात. जहाज मिळालं नाही म्हणून अडत नाही. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो तरंगक, म्हणजे आपोआप मोजणारी तरंगती यंत्रं, आहेत. ते हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन मोजत वर येतात आणि उपग्रहाकडं आकडे पाठवतात. हा डेटा फुकट मिळतो. भारतातलं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था बघते.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुमच्याही हातून होईल. मला केरळ आणि लक्षद्वीप यांच्यामधल्या समुद्राची डिसेंबर-जानेवारीतली प्रोफाइल, म्हणजे खोलीनुसार मोजलेले आकडे, तपासायला दिली होती. काही ठिकाणी ३० ते ६० मीटरवर पाणी वरच्यापेक्षा अर्धा अंश गरम दिसत होतं. खाली जाईल तसं गार, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मी ते आकडे बिघाड समजून काढून टाकले आणि रेघ गुळगुळीत केली. मॅडमनी एवढंच विचारलं, "क्षारता बघितलीस का?"

बघितली नव्हती. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून तिकडं येतं. ते हलकं असल्यामुळं थोडं गार असूनही वर तरंगतं, आणि गरम पण जास्त खारं पाणी त्याच्याखाली राहतं. मी पुसलेला भाग खरा होता. पंधरा दिवसांचं काम पुन्हा केलं.

तेव्हापासून तापमानाशेजारी क्षारता मांडल्याशिवाय मी एकही आकडा काढत नाही. आर्गोच्या फाइलमध्ये प्रत्येक आकड्याला दर्जाचा खुणांक असतो, १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. तो आधी वाचा. पायथॉन ही संगणकाची भाषा शिकाच, पण पहिली दहा प्रोफाइल आलेखाच्या कागदावर हातानं काढा. शून्य वर आणि खोली खाली वाढत जाते. रेघ कुठं वाकते ते हाताला कळतं.

गेल्या मे महिन्यात घरी होतो. बाटलीच्या बुचाला वेगळी दोरी बांधली, बाटली गाठी मारलेल्या दोरानं विहिरीत सोडली आणि खाली गेल्यावर बूच ओढलं. बाटली वर आली की लगेच थर्मामीटर आत. काठावरून काकी ओरडल्या, "काय मोजायलास रे?" पुतणी आकडे लिहून घेत होती. वर ३१, दोन हातांवर २९, पाच हातांवर २६. संध्याकाळी तिनं वहीत आलेख काढला तेव्हा, मी काही सांगितलं नसताना, शून्य वरच्या बाजूला मांडला होता.