डोळे लाल झालेत, चुरचुरतायत? मेडिकलमधून ड्रॉप आणायच्या आधी हे वाचा

पावसाळा लागला की आपल्याकडे ठाणे, नवी मुंबईत प्रत्येक सोसायटीत कोणाचे ना कोणाचे डोळे आलेले असतात, २०२३ च्या जुलैमधली साथ तर सगळ्यांना आठवत असेल. आणि बहुतेक जण काय करतात तर मेडिकलवर जाऊन "डोळे लाल झालेत, काहीतरी ड्रॉप द्या" म्हणतात. प्लीज असं करू नका. डोळा लाल व्हायची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

आधी आरशात नीट बघा. दोन्ही डोळ्यांना प्रचंड खाज, पाणी, सोबत शिंका, तर बहुतेक ॲलर्जी. एका डोळ्यात सुरू होऊन एक-दोन दिवसांत दुसऱ्यात गेलं, पाण्यासारखा स्राव, घसा पण दुखतोय, तर व्हायरल, म्हणजे आपण डोळे येणं म्हणतो ते. सकाळी पिवळा-हिरवा चिपडा येऊन पापण्या चिकटत असतील तर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असू शकतं. खाज नाही, चिपडा नाही, पण संध्याकाळपर्यंत वाळू गेल्यासारखं टोचतं, तर डोळे कोरडे पडलेत. ऐरोली-महापेला एसीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे, कारण स्क्रीन बघताना आपण पापण्या खूप कमी मिटतो. आणि दुखत नाही, नजर नीट आहे पण पांढऱ्या भागावर अचानक रक्ताचा लालभडक डाग दिसतोय तर घाबरू नका, बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते, दोनेक आठवड्यात आपोआप जातं, फक्त बीपी चेक करून घ्या.

घरी काय करायचं? कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर सगळ्यात आधी ती काढा आणि डोळा पूर्ण बरा होईपर्यंत चष्मा. पाणी उकळून गार करा, स्वच्छ कापूस भिजवून नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसा, प्रत्येक वेळी नवीन कापूस. खाज-सूज असेल तर गार पाण्याची पट्टी ५-१० मिनिटं. चोळायचं अजिबात नाही, चोळल्याने खाज अजून वाढते. कोरडेपणासाठी कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोजचे साधे लुब्रिकंट ड्रॉप चालतात, आणि दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ खात बाईकवरून जाणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली ठेवा, एवढ्यानेच बराच फरक पडतो.

व्हायरल असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, साधारण एक-दोन आठवड्यांत ते आपलं आपण बरं होतं. तोवर टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळ वेगळं, हात सारखे साबणाने धुवायचे, पोरांना शाळेत पाठवायचं नाही. नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत, ते हातातून पसरतं, म्हणजे ट्रेनचा दांडा धरला आणि तोच हात डोळ्याला लावला की झालं. गॉगलने साथ थांबत नाही पण उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे जात नाही, म्हणून घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्टिरॉइडचे ड्रॉप. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं काही लिहिलं असेल तर डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय डोळ्यात टाकू नका. लाली लगेच उतरते म्हणून लोकांना वाटतं भारी औषध आहे, पण आत हर्पीस किंवा बुरशीचं इन्फेक्शन असेल तर ते भडकतं, आणि महिनोनमहिने टाकत राहिलं तर काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. घरात पडलेली गेल्या वर्षीची बाटली पण नको, साधारण उघडल्यापासून महिन्याभरात फेकायची असते. मध, गुलाबपाणी, एरंडेल, आईचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालू नका, कोणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी.

ड्रॉप टाकताना खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा. दुसरं औषध असेल तर ५ मिनिटांनी.

डोळ्यात चुना, ॲसिड, फिनाइल असं काही उडालं तर डॉक्टर शोधत बसू नका, आधी नळाखाली निदान १५-२० मिनिटं धुवा, मग पळा. डोळा खूप दुखतोय, नजर अंधुक झालीय, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, दिव्याभोवती वलयं दिसतायत आणि उलट्या होतायत, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखतोय, यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तान्ह्या बाळाचा डोळा लाल असेल तरी तेच. पैशाची अडचण असेल तर ठाणेकरांनी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, नवी मुंबईकरांनी वाशीचं महापालिका हॉस्पिटल गाठा, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि आतापर्यंत डोळ्यात जे जे टाकलंय त्या सगळ्या बाटल्या सोबत न्या.