प्रमाण तुमचं, आकार मुलांचा: चार ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर नानकटाई आणि पोळी

लहान मुलांना स्वयंपाकात घ्यायचं ठरवलं की बहुतेक घरांत पहिला बेत केकचा होतो. सुरुवातीला केक नकोच. तो प्रमाणाला आणि वेळेला हट्टी असतो. मुलाचा हात लागतो तो फक्त ढवळण्यापुरता, आणि पीठ पडल्यावर उत्साहाने जास्त ढवळलं की केक चिवट होतो. शिवाय पुढचा पाऊण तास बंद दाराकडे बघत बसायचं. त्यापेक्षा ज्या पदार्थात आकार वेडावाकडा झाला तरी चव बिघडत नाही, तो निवडा. नानकटाई, पोळी, शंकरपाळी, पाक न करता वळायचे लाडू हे सगळे त्यातले. वजनमाप मोठ्यांनी सांभाळायचं आणि आकार मुलांवर सोडायचा.

बोलावण्याआधीची तयारी

चार वर्षांचं मूल एका कामात साधारण पंधरा-वीस मिनिटं रमतं. तूप शोधणं, मैदा चाळणं, वेलची कुटणं यात ती मिनिटं गेली तर मुख्य कामाच्या वेळी ते कंटाळलेलं असतं. म्हणून सगळं जिन्नस मोजून, वाट्यांत काढून ठेवा आणि मगच हाक मारा. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र वजनकाटा जरूर द्या. काट्यावर 100 आकडा येईपर्यंत चमच्याचमच्याने तूप घालणं हे त्याच्या आवडीचं काम ठरतं.

ओट्याशी स्टुलावर उभं करण्यापेक्षा खाली बसणं केव्हाही बरं. जुनी चादर अंथरा, मधे मोठी परात ठेवा. स्टूल घसरत नाही, गॅस हाताच्या टप्प्यात येत नाही आणि सांडलेलं चादरीतच राहतं. विळी मिटून वर ठेवा. किसणी या वयात नकोच; बोटांची सालं निघतात ती शेवटच्या तुकड्याला, आणि तो तुकडा मुलं हमखास संपवायला जातात. कापायचंच असेल तर बिनधारेच्या सुरीने केळं किंवा उकडलेला बटाटा द्या. काकडी आधी उभी चिरून सपाट बाजूवर ठेवली तर ती घरंगळत नाही.

मिरची चिरणं मोठ्यांकडेच. त्याच हाताने पुढे मुलांसाठी पीठ मळायचं असेल तर आधी हात तेलाने चोळून मग साबणाने धुवा. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, आणि मुलाचा हात दर मिनिटाला डोळ्याकडे जातोच.

नानकटाई

साधारण 18 नानकटायांसाठी:

मैदा 120 ग्रॅम, बेसन 30 ग्रॅम, बारीक रवा 15 ग्रॅम, घट्ट तूप 100 ग्रॅम, पिठीसाखर 80 ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चहाचा चमचा, खायच्या सोड्याची एक चिमूट, मिठाची एक चिमूट, अर्धा चमचा वेलचीपूड. वरून लावायला पिस्त्याचे काप.

सगळी मदार तुपावर आहे. तूप घट्ट हवं, पण बोट दाबलं तर आत रुतलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मुंबई-कोकणात तूप पातळच असतं. ते मोजून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. वितळलेल्या तुपात हवा धरत नाही, त्यामुळे नानकटाई खुसखुशीत न होता ट्रेवर पसरते.

परातीत तूप आणि पिठीसाखर घ्या आणि फेसायचं काम मुलाला द्या. तळहाताने गोल गोल, एकाच दिशेने. दोन मिनिटांत मूल दमतं, मग तुम्ही घ्या, मग पुन्हा ते. पाच-सहा मिनिटांनी मिश्रणाचा पिवळसरपणा जाऊन ते पांढरट आणि हलकं होतं. हा रंग बदलताना मुलाला दाखवा. थोडं मिश्रण आधी बाजूला काढून ठेवलं असेल तर शेजारी धरून फरक लगेच कळतो.

चाटायचं असेल तर ते याच टप्प्यावर, मैदा पडण्याआधी. कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात. मुलं पिठाचा गोळा तोंडात टाकणारच, त्यामुळे नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. फेसलेल्या तूप-साखरेचा एक चमचा आधी वाटीत द्या आणि सांगा, 'आता पीठ पडलं, आता भाजल्यावरच.' बेसनाच्या लाडवाला ही अडचण नाही, कारण बेसन आधीच खरपूस भाजलेलं असतं.

आता मैदा, बेसन, रवा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि वेलची एकत्र चाळून त्यात घाला. चाळणी धरून हलवणं हे तीन वर्षांच्या मुलालाही जमतं; चाळणी परातीच्या आत, खाली टेकल्यासारखी धरायला सांगा. यापुढे मळायचं नाही, फक्त गोळा करायचं. पोळीची कणीक मळल्यासारखं हे पीठ रगडलं तर नानकटाई कडक होते. मुलांना 'मळ' म्हटलं की ती रगडतात, म्हणून 'सगळं पीठ गोळ्याला चिकटव' असं सांगा. गोळा होत नसेल, भुगा पडत असेल तर एक चमचा दूध. एकदम जास्त नको.

गोळा झाकून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात परात पुसणं आणि हात धुणं उरका, आणि ओव्हन 170 अंशांवर तापायला लावा. पंखा असलेला ओव्हन असेल तर 160 पुरे.

मग वळणं. पीठ सारखं वाटून लिंबापेक्षा लहान, सुमारे 18-19 ग्रॅमचे गोळे तुम्ही तोडून द्या. आकार कसाही असो, वजन सारखं हवं. एक गोळा सुपारीएवढा आणि दुसरा लिंबाएवढा असेल तर पहिला करपतो तेव्हा दुसरा आतून कच्चा राहतो. वजन सारखं असेल तर मुलाने त्याचा चौकोन केला काय नि बदाम केला काय, फक्त जाडी साधारण एक सेंटीमीटर राहू द्या. साप किंवा पातळ शेपटीचा मासा करायचा हट्ट असेल तर त्यांचा वेगळा ट्रे करा आणि तो पाच-सहा मिनिटं आधी काढा.

मुलांचे तळहात गरम असतात आणि तीच नानकटाई ती पुन्हा पुन्हा वळतात. तिसऱ्या वेळेपर्यंत तूप सुटून गोळा तेलकट, चकचकीत दिसायला लागतो. असं झालं की तो गोळा ताटलीत ठेवून पाच मिनिटं फ्रिजमध्ये पाठवा आणि मुलाला दुसरा द्या. एका वेळी चारच गोळे हातात द्यायचे, बाकीचे थंडच राहू द्यायचे. मधोमध अंगठ्याने हलका खळगा आणि त्यात पिस्त्याचा काप हे काम सगळ्यात धाकट्याकडे द्या. काप बोटाने दाबून बसवायला सांगा, नाहीतर भाजल्यावर गळून पडतात. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे बदाम किंवा शेंगदाणे खायला देऊ नका, ते घशात अडकतात.

ट्रेवर दोन गोळ्यांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून मधल्या कप्प्यात 18 ते 20 मिनिटं भाजा. वर भेगा पडल्या म्हणजे बिघडलं नाही, नानकटाईला भेगा हव्यातच. कडा किंचित बदामी झाल्या की बाहेर काढा. त्या वेळी ती मऊच लागते. 'अजून शिजली नाही' म्हणून परत आत ठेवली तर गार झाल्यावर दगड होते. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, गरम असताना उचलली तर मोडते.

बिघाड ओळखणं सोपं आहे. पसरून चपटी झाली तर तूप पातळ होतं किंवा गोळे गार झाले नव्हते. हात लावताच भुगा झाला तर पीठ जास्त पडलं, बहुतेक वेळा वाटी दाबून भरल्यामुळे. म्हणूनच काटा बरा. खालून काळी, वरून पांढरी झाली तर ट्रे खालच्या कप्प्यात होता. साबणासारखी चव लागली तर सोडा जास्त झाला.

थोडा मैदा काढून तेवढंच नाचणीचं पीठ घालता येतं, पण 40 ग्रॅमच्या वर गेलात तर नानकटाई फार ठिसूळ होते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई चालते. तळाला दीड वाटी जाडं मीठ पसरा, त्यावर तिवई, घट्ट झाकण, आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग सहा-सात नानकटाया असलेली ताटली ठेवून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं. नॉनस्टिक कढई यासाठी वापरू नका, कोरडी इतकी तापवण्याजोगी ती नसते. कढईतल्या नानकटाईला वरून रंग येत नाही, त्यामुळे खालची बाजू बघून ठरवा. झाकण दर पाच मिनिटांनी उघडलं तर वेळ वाढतच जातो. मुलांना ओव्हनच्या काचेतून बघता येतं, इथे नाही, हे आधीच सांगून ठेवा.

काचेचंही एक सांगायला हवं. छोट्या ओव्हनची काच बाहेरूनही चांगलीच तापते आणि मुलं तिला नाक लावायला जातात. फरशीची एक रेघ ठरवा, ओव्हन किंवा गॅसपासून हाताने दोन-अडीच हात लांब, आणि तिच्या अलीकडेच बसून बघायचं. भाजलंच तर तो भाग लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काही लावू नका. फोड मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर वा हातावर भाजलं असेल तर डॉक्टरांकडे जा.

पोळी: त्यांचा गोळा वेगळा

रोजच्या कणकेत मुलाचा हात घातला की दोघांचीही चिडचिड होते. त्याला त्याची छोटी ताटली, अर्धी वाटी कणीक, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा तेल द्या. पाणी भांड्यातून ओतू देऊ नका. आधी पोह्यांच्या चमच्याने चार चमचे, ते पिठात जिरल्यावर एकेक चमचा. मुलं पाणी एकदम ओततात, लगदा होतो, मग हात धुवायला पळतात आणि गोळा अर्धवट राहतो. हाताला पीठ चिकटलं तर धुण्याऐवजी कोरडी कणीक हातावर चोळायची, सगळं सुटून येतं आणि गोळ्यातच जातं.

मळलेला गोळा झाकून वीस मिनिटं ठेवणं मुलांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षाही गरजेचं आहे. न मुरलेली कणीक लाटली की परत आखडते. मोठा माणूस हात सांभाळून घेतो, मूल मात्र जोर वाढवतं आणि पोळी पोळपाटाला चिकटते. लाटी लिंबाएवढी घ्या, पोळी तळहाताएवढीच होऊ द्या. मुलं लाटणं फिरवण्याऐवजी खाली दाबतात. 'लाटणं पुढे ढकल' असं सांगितलं की बरंच सुधारतं, आणि दोन वेळा लाटल्यावर पोळी उचलून पिठीत बुडवायची सवय लावली की चिकटणंही थांबतं.

मग तुम्ही ती हातात घेऊन पुन्हा गोल लाटायची नाही. तशीच तव्यावर टाका. मधे जाड, कडेला फाटलेली असणार, म्हणून आच मध्यमच्या खाली ठेवा आणि जाड भाग स्वच्छ फडक्याने दाबून भाजा. मुलाने लाटलेली पोळी मुलाच्याच ताटात, तूप-साखर लावून. इतर वेळी पोळीला तोंड वेंगाडणारी मुलंही ही संपवतात.

सणाच्या दिवसांत

दिवाळीत शंकरपाळ्यांची पोळी तुम्ही लाटा आणि कातणं मुलाच्या हातात द्या. पाच वर्षांच्या पुढे सहज जमतं. तळताना मात्र मुलं स्वयंपाकघराबाहेर. करंजीची कड दाबणं या वयाला अवघड जातं, आणि एखादीही नीट बंद झाली नाही तर सारण तेलात सांडून सगळा घाणा काळा होतो. गणपतीत साच्यातले खव्याचे मोदक द्यावेत. साच्याला तुपाचं बोट फिरवायचं, गार मिश्रण कोपऱ्यापर्यंत दाबून भरायचं. मिश्रण गरम असेल तर मोदकाचं टोक साच्यातच राहतं.

संक्रांतीचे पाकातले तिळाचे लाडू गरमच वळावे लागतात, आणि गुळाचा पाक कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे भाजतं ते खोल. मुलांसाठी एक वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी दाण्याचा कूट आणि पाऊण वाटी मऊ चिरलेला साधा गूळ मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. तिळाला तेल सुटलं की मिश्रण मुठीत दाबून बसतं, पाकाची गरज लागत नाही. फार फिरवलं तर तेल ओघळायला लागतं, म्हणून मुठीत बसतंय म्हटल्यावर थांबा. भांडं उघडण्याआधी प्लग काढा, मिश्रण ताटात काढून घ्या आणि पातं असलेलं भांडं लगेच धुऊन वर ठेवा, मगच मुलांना ताटाशी बसवा.